ट्यूडर इंग्लंडात मान शाबूत ठेवण्याचे उपाय

ट्यूडर घराण्याच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जन्म घ्यायचा बेत असेल, तर आधी एक मनाशी पक्कं करा: श्रद्धा ही सरकारी बाब आहे. देव कोणत्या भाषेत ऐकतो, वेदीवरच्या पावात तो खरोखर उतरतो की नुसती आठवण म्हणून असतो, मेलेल्या आजोबांसाठी केलेली प्रार्थना त्यांना पोचते की वाया जाते, हे सगळं राजा आणि पार्लमेंट ठरवणार. १५४७ ते १५५९ या बारा वर्षांत ते तीनदा ठरलं. दर वेळी तुम्ही ते अगदी मनापासून मानायचं आहे. वरवर मानलेलं चालत नाही.

राजाला उगाच नावं ठेवू नका, त्याच्याकडून शिका. आठव्या हेन्रीने १५२१ मध्ये पोपविरुद्ध उठलेल्या जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या विरोधात ग्रंथ लिहिला, तेव्हा पोपने खूश होऊन त्याला ‘धर्मरक्षक’ ही पदवी दिली. पुढे त्याच गादीवरचा दुसरा पोप पहिल्या लग्नातून सोडवेना, म्हणून १५३४ मध्ये हेन्री स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. पदवी मात्र ठेवून घेतली. तिची आद्याक्षरं ब्रिटिश नाण्यांवर आजही आहेत. पक्ष सोडावा, सत्काराची शाल परत करू नये.

मधला मार्ग धरावा म्हणाल, तर तो कुठून जातो तेही बघून ठेवा. ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये सहा धर्मगुरूंना मारलं. तिघं सुधारणावादी म्हणून जाळले, तिघं पोपला मानतात म्हणून फासावर चढवून चिरले. तिथवर फरफटत नेताना एकेका ताटीवर दोन्ही पक्षांचा एकेक बांधला होता. यापुढे हेन्रीवर पक्षपाताचा आरोप कोण करील?

तुम्ही गावचे पाद्री असाल तर काम तसं सोपं आहे. १५३८ मध्ये फर्मान निघालं की राजाशी वैर घेऊन मारला गेलेला कँटरबरीचा संत टॉमस बेकेट हा संत नसून राजद्रोही आहे, सबब सगळ्या पोथ्यांतून त्याचं नाव काढून टाका. त्याला मरून साडेतीनशेच्या वर वर्षं झाली होती, पण चौकशीला उशीर होतोच. इथे चाकूने खरवडण्याचा उत्साह दाखवू नये. नावावर एक बारीक रेघ मारावी, तपासनिसाला दिसेल आणि तुम्हाला खालचं वाचता येईल अशी. शहाण्यांनी तेच केलं.

वस्तूंचंही तसंच. डेव्हनमधल्या मोरबाथ गावी ख्रिस्तोफर ट्रिकी नावाचे पाद्री १५२० पासून १५७४ पर्यंत एकाच चर्चमध्ये टिकले. मृतांच्या प्रार्थनेला चांगली काळी वस्त्रं हवीत म्हणून या माणसाने वीसेक वर्षं पैसे साठवले. वस्त्रं आली १५४७ मध्ये. त्याच वर्षी हेन्री मेला, त्याचा नऊ वर्षांचा प्रोटेस्टंट (सुधारणावादी) मुलगा एडवर्ड गादीवर आला, आणि मृतांसाठी करायच्या प्रार्थनाच मोडीत निघाल्या. पण गावकरी पक्के. मूर्ती, वस्त्रं, पुस्तकं घरोघरी पोचती झाली आणि १५५३ मध्ये पोपला मानणारी मेरी राणी येताच चर्चमध्ये हजर. तेव्हा दगडी वेदी फोडायचा हुकूम आला तर फोडा, पण तुकडे कुठे टाकलेत ते लक्षात असू द्या.

लग्न करावं का? एडवर्डच्या काळात पाद्र्यांना परवानगी होती, मेरीच्या काळात बायको किंवा नोकरी यांतलं एक निवडायचं होतं. तिच्यानंतर आलेल्या प्रोटेस्टंट एलिझाबेथ राणीने पुन्हा मोकळीक दिली, मात्र मुलगी आधी बिशपने आणि दोन न्यायाधिकाऱ्यांनी पारखून पसंत करायची. कांदेपोहे कोणी करायचे याचा उल्लेख हुकमात नाही.

आदर्श म्हणून विल्यम पॉलेट डोळ्यांसमोर ठेवा. एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ या तिन्ही राजवटींत खजिनदार. हे कसं जमलं असं विचारल्यावर, मी ओकच्या नव्हे, वाळुंजाच्या जातीचा, असं तो म्हणाला म्हणतात. महापुरात लव्हाळी वाचतात हे आपण तुकोबांकडून नम्रतेसाठी शिकलो. पॉलेटने त्यावर खजिना सांभाळला. प्रोटेस्टंट आर्चबिशप क्रॅनमरचा कित्ता मात्र गिरवू नका. त्याने मेरीच्या काळात माफीनामे लिहून दिले, तरी जाळायचं ठरलंच होतं. मग शेवटच्या दिवशी ते सगळे मागे घेऊन त्याने सही करणारा हात आधी आगीत धरला. असल्या माणसाचं सरकार काय करणार?

मेल्यावर सुटलो, असं समजू नका. ऑक्सफर्डमधल्या एका प्रोटेस्टंट प्राध्यापकाची बायको कॅथरीन, पूर्वाश्रमीची नन, १५५३ मध्ये वारली. तिला संत फ्राइडस्वाइडच्या शेजारी पुरलं होतं. मेरीच्या राज्यात तिच्यावर पाखंडाचा ठपका ठेवायचा होता, पण साक्षीदार म्हणाले, बाईंची भाषाच आम्हाला कळत नव्हती. मग, प्रेत संताच्या फार जवळ आहे, एवढ्या कारणावरून ते उकरून डीनच्या तबेल्यातल्या उकिरड्यावर टाकलं. एलिझाबेथच्या अधिकाऱ्यांनी ते शोधून काढलं आणि कॅथरीनची व फ्राइडस्वाइडची हाडं एकत्र कालवून पुरली, म्हणजे राज्य पुन्हा पालटलं तरी कोणती बाहेर काढायची हे कुणालाच कळू नये. मृत्युपत्रात जागा मागताना शेजारी कोण आहे ते आधी विचारून घ्या.