‘हट्टी मूल’ म्हणालात, म्हणून हे लांबलचक उत्तर

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी पुन्हा वाचली. माझ्या मधुमेही मुलाबद्दल लिहिताना, रक्तातली साखर खाली गेली की मुलं चिडतात त्यामागे अ‍ॅड्रेनलिनसारखी तणावाची हार्मोन्स असतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: "हार्मोन्स-बिर्मोन्स काही नाही. मूल हट्टी आहे आणि आई त्यावर शास्त्राचं पांघरूण घालतेय. आधी कॉर्टिसोल काय ते शिका, मग लिहा."

बरोबर तेवढं आधी मान्य करते. कॉर्टिसोल (तेही तणावाचंच एक हार्मोन) लगेच साखर वर आणतं, असं वाक्य माझ्या हातून गेलं होतं. ते चूक होतं. कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन यांचा परिणाम दिसायला काही तास जातात. पहिल्या काही मिनिटांत धावून येतात ते ग्लुकागॉन, म्हणजे साखर वर आणणारं हार्मोन, आणि अ‍ॅड्रेनलिन. वाक्य बदललं आहे. हेच नीट शब्दांत सांगितलं असतंत तर मी आभार मानले असते.

पण "शिका, मग लिहा"? माझ्या मुलाला टाइप वन मधुमेहाचं, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवेनासं होतं त्या मधुमेहाचं, निदान झालं तेव्हा तो ४ वर्षांचा होता. आज ११ वर्षांचा आहे. ७ वर्षं मी रात्री उठून त्याचं बोट टोचते आहे. शिकायचं की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आता हट्टाचं. एका संध्याकाळी त्याने गणिताच्या वहीचं पान टराटरा फाडलं. जवळ गेले तर "हात लावू नकोस!" म्हणून ओरडला. ओठ पांढरे पडलेले, मानेवरचे केस घामाने चिकटलेले. मीटरवर साखर ५२, म्हणजे फारच खाली. ग्लुकोजचं पाणी दिलं, १५ मिनिटांनी ७८. थोड्या वेळाने तेच पान घेऊन आला आणि चिकटपट्टी मागू लागला. हट्टाने ओठ पांढरे पडतात का हो?

टाइप वनमध्ये निदानानंतर काही वर्षांतच, साखर उतरली तरी ग्लुकागॉन पुरेसं स्रवेनासं होतं. साखर उतरवणारं इन्सुलिन एकदा टोचलं की शरीराला ते मागे घेता येत नाही. मग मुख्य भिस्त उरते अ‍ॅड्रेनलिनवर. ते यकृताला साखर सोडायला लावतं आणि त्याच झपाट्यात धडधड, थरथर, अस्वस्थपणाही आणतं. मुलांमध्ये ही उसळी मोठ्यांपेक्षा जोरदार असते. गाढ झोपेत मात्र ती मंदावते, आणि वारंवार साखर उतरत राहिली तरी बोथट होते. म्हणून दिवसा दिसलेली चिडचिड माझ्यासाठी खूण आहे. तिला हट्ट समजून मी रागवत बसले तर तेवढ्या वेळात साखर आणखी खाली जाते, आणि ५४ च्या खाली मेंदूलाच इंधन कमी पडायला लागतं. तिथे मूल ऐकणार कसं?

एका मुलावरून सगळ्यांबद्दल लिहू नका, निरोगी मुलाच्या भुकेला हे लावू नका, असंही तुम्ही म्हटलंय. त्यात आज शिरत नाही. ज्यांच्या घरात मीटर आहे त्यांच्यासाठी मी लिहिते, आणि त्यांना कळतं.

पुन्हा लिहाल तेव्हा मला काय म्हणायचं ते म्हणा. त्याला हट्टी म्हणू नका. तो आता हे सगळं स्वतः वाचतो.