पाणी न पिणारं कापड

सोलापुरात कापडाने पाणी प्यायलाच पाहिजे. तसा कायदा नाही, पण आहेच. इथल्या चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, टर्किश टॉवेललाही आहे, आणि टॉवेल विकणारा माणूस भाव सांगायच्या आधी "दोन धुण्यानंतर बघा ओ, कसं पाणी ओढतंय" हे सांगतो. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. तिचा भोंगा कधीच थांबला, पण कापडातलं आम्हाला कळतं हा गावाचा ताठा काही उतरलेला नाही. अशा गावात मी दुकानाच्या गादीवर बसून म्हणालो, "जाड सुती कापड दाखवा, त्याला वॉटरप्रूफ करायचंय." हुरड्याला बोलावलेल्या पाहुण्याने मॅगी मागावी तसं दुकानदाराने माझ्याकडे बघितलं.

या सगळ्याच्या मुळाशी माझा पुण्याचा भाचा आहे. जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं, तंबूवर टाकायला ताडपत्री हवी, आणि "मामा, कापड तर तुमच्या घरचंच!" हे त्याने फोनवर सांगितलं. बाजारात निळी प्लास्टिकची ताडपत्री ढिगाने मिळते. पण "घरचंच" म्हटल्यावर मामाला माघार घेता येत नाही.

दहा बाय बाराचं कॅनव्हास घरी आलं आणि त्यासोबत शेजारचे जॉबरकाकाही आले. काका मिलमधले जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, आता निवृत्त. त्यांनी कापडाचं टोक चिमटीत धरलं, चुरगाळलं, वास घेतला आणि निकाल दिला.

"ह्याला खळ हाय. आधी खळ काढ."

हे खरंच आहे. मागावर धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ लावतात, आणि खळ म्हणजे बहुतेक वेळा स्टार्च. स्टार्चला पाण्याचं भलतं प्रेम. ती कापडात असताना वरून काहीही फासा, आत फितूर बसलेलाच. म्हणजे कोरड्या कापडाला पाणी लागू नये म्हणून ते आधी भरपूर पाण्यात धुवायचं. आमच्या पेठेत नळ येतो चार-पाच दिवसांनी. मी कॅनव्हास बादलीत बुडवताना बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, घरातले कपडे धुवायचे राहिलेत, आणि तुम्ही पावसाचे धुताय?"

पहिला प्रयोग तुरटी आणि साबणाचा. स्वस्त, जुना आणि शास्त्राला धरून. कापड साबणाच्या पाण्यात भिजवायचं, हलकं पिळायचं, मग तुरटीच्या पाण्यात घालायचं. तुरटीतलं अॅल्युमिनियम आणि साबणातली चरबी एकत्र येऊन धाग्यातच न विरघळणारा साबण तयार होतो आणि तो पाण्याला आत येऊ देत नाही. अट एवढीच, की साबण खरा हवा. भांडी-कपड्यांच्या डिटर्जंट वड्यांनी हे होत नाही. खरा साबण मिळाला, पण नळाचं पाणी खळ काढण्यात संपलं होतं, म्हणून बोअरचं घेतलं. आमचं बोअरचं पाणी इतकं जड, की साबणाने तुरटीची वाटच बघितली नाही. पाण्यातल्या कॅल्शियमशीच संसार थाटून तो बादलीभर पांढरा चोथा होऊन वर तरंगला. आई म्हणाली, "दही लागलं बघ."

सिलिकॉनचाही विचार झाला. बाथरूमच्या फटी बुजवायची नळी आणायची, मिनरल टर्पेंटाइनमध्ये विरघळवायची, ब्रशने फासायची. नायलॉनला हे उत्तम बसतं. पण हे सिलिकॉन वाळतं कशाने? हवेतल्या ओलाव्याने! मे महिन्यातल्या सोलापुरात, जिथे दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा वाजतो, तिथे ओलावा आणायचा कुठून? ते तिथेच सोडलं.

मग मेण.

मेण हे खरं तर निवांत काम आहे, फक्त आगीशी खेळ नको. पॅरॅफिनचं मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात डबा ठेवून मेण वितळवायचं, डबा शेगडीपासून लांब, उघड्यावर न्यायचा आणि मगच टर्पेंटाइन ओतायचं. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते, म्हणून हे सगळं गच्चीवर. लोक त्यात जवसाचं तेलही घालतात. मी घातलं नाही, कारण तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेटू शकतात, आणि आमच्या घरी चिंधी टाकून द्यायची पद्धत नाही. ती गोळा करून कोपऱ्यातच ठेवतात.

काका खुर्ची घेऊन सावलीत बसले होते. "काय करायलास रे? जाड सूत भिजलं की फुगतंय, भोकं आपोआप बुजतेत. फक्त पावसात आतनं बोट लावायचं नाही. मेण कशाला?"

"काका, भाचा बोट लावणारच."

"मग लाव मेण."

पुस्तकी पद्धतीप्रमाणे मेण फासल्यावर हेअर ड्रायरने गरम करून धाग्यात मुरवायचं असतं. सोलापुरात ड्रायर आभाळात टांगलेला आहे. पारा ४३ ला होता आणि गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवायची सोय नव्हती. दुपारपर्यंत मेण असं मुरलं, की कापड तुकतुकीत काळसर दिसायला लागलं. मी खूश होऊन त्याची घडी घातली. संध्याकाळी घडी उघडेना. मेण मऊ झालेलं आणि चारही पदर एकमेकांना घट्ट बिलगलेले.

चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याचे कोटही गरमीत चिकट व्हायचे. आता हा गृहस्थ स्कॉटलंडचा. तिथल्या गरमीला आम्ही इथे स्वेटर घालतो. तेव्हा माझी घडी अडकण्यात लाज वाटावी असं काही नव्हतं. काका आणि मी दोन टोकं धरून ती सोडवली. काकांनी मधल्या काळात मिलमधला एक संपही सांगून संपवला. शिवणीवर, सुईच्या भोकांतून पाणी हमखास शिरतं म्हणून, मेणबत्ती घासून घेतली.

राहिली चाचणी. पाऊस यायची चिन्हं नव्हती, म्हणून नळाच्या दिवसाची वाट बघितली. पहाटे पाणी आलं. मी ताडपत्रीची चार टोकं गच्चीवरच्या खांबांना बांधली आणि मध्ये बादली ओतली. थेंब घरंगळत मधे गोळा झाले. खाली हात लावला, कोरडा! दुसरी बादली ओतली. कोरडाच!

एवढ्यात बायको वर आली. तोवर खाली टाकी, पिंप, हंडे, कुकरसुद्धा भरून झाले होते आणि नळ अजून चालू होता. तिने ताडपत्रीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर इतक्या कौतुकाने ती पहिल्यांदाच बघत असावी.

"पाईप वर आणा," ती म्हणाली.

पिण्याचं नाही, टर्पेंटाइनचा वास येतो. पण फरशी, कुंड्या, स्कूटर सगळं त्यावर भागतं. काकांनी स्वतःसाठी आठ बाय आठची ऑर्डर दिली आहे, आणि समोरच्या वहिनींनी कापड आणूनच ठेवलंय.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, ताडपत्री पाठवताय ना?"

म्हटलं, "रिकामी झाली की पाठवतो."