फार्मसी टेक्निशियनचं पुस्तक लिहिताय? गणितं तपासायची नाहीत हं!

फार्मसी टेक्निशियनच्या अभ्यासक्रमासाठी पुस्तक लिहायचं मनावर घेतलंय? अभिनंदन. वाचणारा परीक्षेच्या धास्तीत असतो, शिकवणाऱ्याला पोर्शन संपवायचा असतो. तुम्हाला जाब विचारायला कुणाला वेळ नाही.

मुखपृष्ठावर पांढरा कोट आणि तोंडभर हसू हवंच.

मजकूर नव्याने लिहायच्या भानगडीत पडू नका, जुन्यातलाच उचला. ग्रेन, ड्रॅम, मिनिम या औषधं मोजायच्या जुन्या मापांना पानंच्या पानं द्या. १ ग्रेन म्हणजे एका तक्त्यात ६० मिलीग्रॅम, दुसऱ्यात ६५. का, ते सांगायचं नाही. मुळात ते ६४.८ च्या आसपास असतं, हे तर अजिबातच नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०२० मध्ये एनडीएमए या कर्करोगाचा धोका असलेल्या रसायनाच्या अशुद्धीमुळे रॅनिटिडिन हे ॲसिडिटीचं औषध बाजारातून काढायला सांगितलं, पण तुमच्या पुस्तकात ते सुखाने नांदू द्या.

सारख्या नावांच्या औषधांचा तक्ता जरूर टाका आणि त्यात हायड्रॉक्सिझिन रक्तदाबासाठी, हायड्रॅलाझिन खाजेसाठी असं उलटं छापा. घोटाळा कसा होतो याचं प्रात्यक्षिकही होऊन जाईल.

‘पूर्णांकापुढे दशांश शून्य लिहू नये, १.० चे १० वाचले जातात’ हा नियम चौकटीत, ठळक अक्षरात द्या. खालच्याच स्वाध्यायात ‘१.० मिलीग्रॅम’ छापा.

आता उत्तरसूची. ती चुकूनही स्वतः सोडवून बघायची नाही. परवा वर्गात ॲड्रेनालिनचं गणित घेतलं. द्रावण १:१०००, डोस ०.३ मिलीग्रॅम, तर किती मिली भरायचं? १:१००० म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजेच १ मिलीत १ मिलीग्रॅम. उत्तर ०.३ मिली. एका मुलीने अचूक काढलं, मग मागचं पान उघडलं. तिथे ३ मिली! तिने मुकाट्याने खोडरबर घेतलं, स्वतःचं बरोबर उत्तर पुसलं आणि ३ लिहिलं. मी हटकलं तर म्हणाली, “मॅडम, पुस्तकात असंच आहे.” दहापट डोस! तोही हृदयाचे ठोके आणि रक्तदाब झपकन चढवणाऱ्या औषधाचा. कपाटातली जुनी आवृत्ती काढून पाहिली, तर तिथे प्रश्नात १:१०००० होतं. त्याचं उत्तर ३ मिली बरोबरच आहे. म्हणजे ‘सुधारित आवृत्ती’ दिसावी म्हणून कुणीतरी प्रश्नातला एक शून्य उडवला आणि उत्तराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वर प्रश्नांचे क्रमांक हलवले, म्हणजे जुनं पुस्तक कुणाला वापरता येऊ नये. सुधारणा ती हीच! प्रकाशकांना कळवलं, उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेचा पुढील आवृत्तीत विचार करू.’

सूचना? अहो, ही चूक आहे! पुढची आवृत्ती येईपर्यंत ज्या बॅचा हे पाठ करून कामाला लागतील त्यांचं काय? जोखमीच्या औषधाचा हिशेब दोघांनी स्वतंत्रपणे तपासावा, हे तुमच्याच पुस्तकात लिहिलंय. तुम्ही किती जणांनी तपासलं? मुखपृष्ठावर नावांची रांग लावलीत, त्यातल्या एकाने तरी हे प्रकरण कागद-पेन घेऊन सोडवलं का? टेक्निशियनने दशांश चिन्ह चुकवलं की त्याची नोकरी जाते, आणि तुम्ही ‘मुद्रणदोष’ म्हणून हात झटकून मोकळे. त्या मुलीला स्वतःच्या हिशेबावर भरवसा ठेवायला आता मी कोणत्या तोंडाने सांगू? शुद्धिपत्र काढायला एक पान लागतं. ते या आठवड्यात काढा, उरलेली सगळी गणितं दोन वेगळ्या माणसांना बसवून सोडवून घ्या. तेवढंही होत नसेल तर पुस्तकं काढायची हौस दुसऱ्या विषयात भागवा.