आतलं बटण लावलं का?

मेव्हण्याचं लग्न आहे, तुळशीचं लग्न उरकलं की लगेचचीच तारीख, आणि फॅमिली ग्रुपवर असं ठरलंय की रिसेप्शनला तिन्ही जावयांनी डबल ब्रेस्टवाला सूट घालायचा, म्हणजे छातीवर एक बाजू दुसरीवर चढते आणि समोर बटणांच्या दोन ओळी असतात तो. कोणी ठरवलं ते विचारू नका. एका भाचीने कुठल्यातरी हिरोचा फोटो टाकला, खाली धडाधड अंगठे आले, विषय संपला. जावयांना कोणी विचारलं नाही, जावयांना मान असतो, मत नसतं.

आता आम्ही तिघं साडू. थोरले सहा फूट आणि अंगावर मांस म्हणून नाही. धाकटे तालमीतले, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते डॉक्टरच सांगू शकेल. आणि मी, मधला, उंची ५ फूट ४ इंच, कंबर ३८, आणि पोट हल्ली माझ्या आधी दारातून आत जातं. तर या तीन देहांना एकच कोट! तरी म्हटलं चला, घरचं कार्य आहे.

तर काल संध्याकाळी बायकोला घेऊन नाशिकला कॉलेज रोडला एका दुकानात गेलो. नाव सांगत नाही, अजून कोट तिथेच आहे. सेल्समनने नेव्ही ब्लू काढला, घातला, पाठीमागे दोन टाचण्या मारल्या आणि म्हणाला, सर एकदम स्लिम दिसताय. मी आरशात बघितलं. आरशात स्लिम माणूस कोणी नव्हता.

एवढ्यात मागून आवाज आला.

"आतलं बटण लावलं का?"

सोफ्यावर एक काका बसले होते, सत्तरीचे, स्वेटर, मफलर, हातात बिलाचा कागद. त्यांची पँट आखूड व्हायला आत कारागिराकडे गेलेली, म्हणजे माणूस पूर्ण रिकामा.

"तुम्हालाच विचारतोय. डबल ब्रेस्टला आत एक बटण असतं. ते नाही लावलं तर उजवी बाजू आतल्या आत लोंबते. लोंबतेय बघा."

मी आत हात घालून शोधायला लागलो तर काका उठलेच. सरळ येऊन त्यांनी माझ्या कोटात हात घातला. परका माणूस, नाव माहीत नाही गाव माहीत नाही, आणि त्याचा हात कोपरापर्यंत माझ्या कोटात.

"श्वास आत घ्या."

"घेतलाय."

"अजून घ्या."

"काका, आता सोडायचाच राहिलाय फक्त."

लागलं एकदाचं. मग काका चार पावलं मागे गेले, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "मी प्रेसमध्ये होतो, नाशिकरोडला. आयुष्यभर नोटा तपासल्या. छपाईत गडबड असली की मला लांबूनच कळतं." मग थोडं थांबून, "तुमच्यात गडबड आहे."

"कोटात," मी म्हटलं.

"कोट बरोबर आहे."

बायको हसली. हसली ते एक वेळ ठीक, पण वर म्हणते, "अहो, जरा वळा ना, मागून पण बघू दे काकांना." बघू दे काकांना! म्हणजे तिने त्यांना तपासणीवर नेमूनच टाकलं. मी वळलो. काय करणार, टाचण्या मारलेला माणूस भांडू शकत नाही.

"बटणं किती आहेत? सहा. लागतात किती?" काकांनी सेल्समनची तोंडी परीक्षा सुरू केली.

"दोन. सिक्स बाय टू म्हणतात सर याला."

"मग चार शोभेची. असू दे. पण दोन ओळींमध्ये अंतर किती ठेवलंय?" आणि काकांनी माझ्या पोटावर वीत टाकली. खरंच टाकली! "एक वीत आणि चार बोटं. अहो, बारीक माणसाला हे चालतं, भरल्यासारखा दिसतो. यांच्या पोटाच्या दोन्ही कडांना खुणा करून ठेवल्यात तुम्ही."

सगळ्यात चीड कशाची आली असेल तर काका बरोबर बोलत होते याची. कारण आदल्या रात्री मी पण मोबाईलवर हेच वाचत बसलो होतो. लोक म्हणतात बुटक्या नि जाड्या माणसाने डबल ब्रेस्ट घालू नये, ते काही खरं नाही. साध्या कोटाचं पोटावरचं बटण लावलं की खाली कोट फाकतो आणि त्यातून शर्ट नि टायचं टोक डोकावतं, सगळ्यांची नजर नेमकी तिथेच. डबल ब्रेस्ट खालपर्यंत बंद राहतो, आत काय चाललंय कोणाला कळत नाही. बुटक्यांसाठी तर युक्ती अशी की फक्त खालचंच बटण लावायचं, म्हणजे कॉलरची पट्टी वरून लांब वळत खाली येते आणि माणूस जरा उभा वाढतो. ही पद्धत इंग्लंडच्या राजघराण्यातल्या ड्यूक ऑफ केंटच्या नावावर आहे. त्याचा भाऊ, आठवा एडवर्ड, ज्याने १९३६ साली गादी सोडली तो, उंचीने बेताचाच, तोही हौसेने डबल ब्रेस्ट घालायचा. पण त्यांचे शिंपी त्यांच्या पोटाकडे बघून बटणं लावायचे हो. आमची बटणं कुठल्यातरी फॅक्टरीत एका सपाट पोटाच्या पुतळ्याकडे बघून लावलेली.

मुळात हा कोट बोटीवरच्या लोकांचा. समुद्रावरचा वारा आत घुसू नये म्हणून छातीवर कापडाचे दोन थर. नाशिकला समुद्र कुठे, आमच्याकडे रामकुंड आहे, तिथे लोक कपडे काढून उतरतात. आणि युद्धात, १९४२ साली, इंग्लंडच्या सरकारने चक्क बंदी घातली होती डबल ब्रेस्टवर, कापड फुकट जातं म्हणून. म्हणजे जे कापड जास्तीचं आहे असं सरकारने ठरवलं होतं, त्याचेच हा दुकानदार माझ्याकडून जादा पैसे घेतोय.

मी सेल्समनला म्हटलं, बाबा मग ओळी जवळ घे ना. तर म्हणे, सर शोभेची बटणं कुठेही सरकवता येतील, पण काज एकदा पाडलं की पाडलं. लांबी कमी करू? केली तर खिसे खाली लोंबल्यासारखे दिसतात. मग नक्की काय होतं तुमच्या फ्री ऑल्टरेशनमध्ये? "साइडने फिटिंग मारून देऊ सर." साइडने! तिथे आधीच माझा श्वास अडकलाय.

तोवर शेरवानी बघायला आलेलं एक कुटुंब पण यात उतरलं होतं. त्यातल्या आजी म्हणाल्या, "छान दिसतंय की, पोट काय, खात्यापित्या घरचं आहे." त्यांचा नातू म्हणाला, अंकल व्हिलन वाटतात. जुन्या हिंदी पिक्चरमधले व्हिलन असलेच कोट घालायचे हे त्याला कोणी शिकवलं देव जाणे.

गंमत बाजूला ठेवतो, मला हे खरंच कळत नाही. आपल्याकडे माणूस भेटला की 'काय रे, सुटलास!' हा नमस्कार झालाय. गेटवर वॉचमन बोलतो, सलूनवाला बोलतो, लग्नात तर वरण वाढणारा सुद्धा तूप घालता घालता पोटाकडे बघून हसतो. मी कोणाच्या टकलावर बोलत नाही, कोणाच्या दातांवर बोलत नाही. पैसे माझे, पोट माझं, आणि त्यावर वीत टाकायची परवानगी सगळ्या कॉलेज रोडला! आणि थोरल्या साडूंना असलंच माप परवा एका फटक्यात बसलं, त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला, खाली सगळ्यांच्या आगी. माझ्या फोटोखाली बायकोच्या मावशीने फक्त दोन हात जोडलेत. कशाबद्दल?

घेतला शेवटी. दुसरा रंग नव्हता, दुसरं माप नव्हतं आणि बायकोला अजून मेन रोडला मॅचिंग बघायचं होतं.

बिल करत होतो तेवढ्यात काकांची पँट आली. त्यांनी तिथेच घालून बघितली, आरशासमोर वळले, सेल्समनला म्हणाले, "हे बघा, याला म्हणतात फिटिंग." डावा पाय उजव्यापेक्षा चांगला अर्धा इंच लांब होता. सेल्समनने पण बघितलं, आणि एकदम हँगर लावायला लागला. बायको तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्या हातात पिशवी दिली.

काका खुशीत नाशिकरोडची रिक्षा बघायला बाहेर पडले.