लेसोथो हा दक्षिण आफ्रिकेचा जिल्हा नव्हे

माझी मावशी जुलैत दक्षिण आफ्रिकेच्या सहलीला निघाली आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारी लेसोथोची ‘थोडक्यात माहिती’ खरी धरून तिने सामानही बांधायला घेतले, म्हणून हे लिहावे लागत आहे. त्या माहितीनुसार लेसोथो हा दक्षिण आफ्रिकेचाच डोंगराळ जिल्हा असून तिथे जाण्यास वेगळी परवानगी लागत नाही. बारमाही उकाडा असतो. हिवतापाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. आणि रँड हे दक्षिण आफ्रिकेचे चलन तिथे चालते.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. लेसोथो चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे, परंतु वेढलेला म्हणजे अंकित नव्हे. बोअरांनी, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी, सुपीक सखल जमीन बळकावल्यावर उरलेला मुलूख वाचवण्यासाठी राजा मोशोएशो याने १८६८ मध्ये ब्रिटिशांचे संरक्षण घेतले. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ स्थापन झाला तेव्हाही हा मुलूख त्याच्या बाहेर राहिला. आणि ४ ऑक्टोबर १९६६ रोजी तो स्वतंत्र झाला. इतिहास बाजूला ठेवला तरी १९८६ चा जलकरार पुरेसा आहे. लेसोथोच्या डोंगरांतले पाणी जोहान्सबर्गच्या परिसराला देण्यासाठी दोन सरकारांनी तो केला, आणि त्या पाण्याचा मोबदला दक्षिण आफ्रिका लेसोथोला देते. स्वतःच्या जिल्ह्याशी कोणते सरकार असा करार करते? हा फरक प्रवाशाला महागात पडू शकतो. दक्षिण आफ्रिकेचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतलेला माणूस लेसोथोची राजधानी मासेरू इथला सीमेवरचा पूल ओलांडून पलीकडे गेला, की तो दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडल्याची नोंद होते, त्याचा व्हिसा संपतो, आणि परतीचे विमान मात्र जोहान्सबर्गहून असते.

उकाड्याचे विधानही तितकेच बेजबाबदार आहे. जुलै हा तिथला ऐन हिवाळा. संपूर्ण भूभाग १,००० मीटरहून उंच असलेला हा जगातला एकमेव स्वतंत्र देश आहे, आणि ३,४८२ मीटरचे थाबाना न्टलेन्याना शिखर तर कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे. तिथे बर्फ पडतो, आणि तिथल्या बासोथो लोकांच्या खांद्यावरची लोकरीची जाड घोंगडी त्या थंडीनेच त्यांच्या पेहरावाचा भाग केली आहेत. मावशीने मात्र सुती कपडेच भरले होते.

लेसोथोत हिवताप नाही. गोळ्यांचा विचार दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून करावा.

रँड चालतो, एवढे मात्र मान्य करावे लागते, कारण तिथले लोटी हे चलन रँडशी एकास एक जोडलेले आहे. तरीही सुटे पैसे लोटीत मिळाले तर ते तिथेच खर्च करावेत. सीमेपलीकडे ते सहसा कोणी घेत नाही.