गच्चीवरच्या शेडच्या फटी आणि तुम्ही

गच्चीवरच्या लोखंडी शेडच्या फटी बुजवायच्या आहेत? मग मार्च-एप्रिलमध्ये मुळीच हात लावू नका. लोखंड खडखडीत कोरडं, कारागीर रिकामा. अशा वेळी केलेलं काम टिकण्याचा धोका असतो. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बेडरूममध्ये बादली लागली की मीटिंग बोलवा.

दुकानात "स्वस्तातलं सिलिकॉन द्या" एवढंच सांगा. नळी दाबताच व्हिनेगरचा उग्र वास आला की समजा, माल कडक आहे. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो. ते काचेला चालतं, पण लोखंडाला आणि पत्र्यावरच्या जस्ताला खातं. म्हणून काही अतिशहाणे 'न्यूट्रल क्युअर', म्हणजे सुकताना हे ॲसिड न सोडणारं सिलिकॉन मागतात. मुंबईची खारी हवा लोखंड खातेच आहे, तिला जोडीदार मिळाला तर बिघडलं कुठे? शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही, म्हणजे रंगारी दरवर्षी येणार. पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर या रंग धरणाऱ्या जातीचा मसाला आणून त्याच्या पोटावर पाय कशाला?

मुळात लवचिक सीलंट (फट बुजवायचा, ताणला जाणारा मसाला) हवंच कशाला? इपॉक्सीची लांबी (पुट्टी) मळा आणि ठासा, दगड होते. 6 मीटरचा अँगल 30 अंशांनी तापला की जेमतेम 2 मिलिमीटर लांबतो. दुपारभर तापलेल्या पत्र्यावर अचानक सर आली की तेवढाच आखडतो. लोखंड हलतं, पुट्टी हलत नाही आणि कडेला केसाएवढी चीर पडते. पाणी त्या चिरेतून सुळकन आत शिरतं, पण बाहेर यायचं नाव घेत नाही. आत बसून गंज पिकवतं, आणि वरून सगळं कसं छान गुळगुळीत!

लवचिक आणलंच, तर फटीच्या रुंदीच्या 25 टक्के हालचाल सोसणारं सीलंट 2 मिलिमीटरच्या फटीत भरा. अर्धा मिलिमीटर सोसेल बिचारं. फट खोल असेल तर तळापर्यंत कोंबा. आधी फोमची दोरी घातली की सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि मोकळं ताणलं जातं म्हणे, पण दोरीचं बिल खजिनदार पास करतील का?

गंज खरवडायला तारेचा ब्रश, वर गंजरोधक रेड ऑक्साइडचा हात ही तर निव्वळ उधळपट्टी. गंजाच्या पापुद्र्यावरच लावा. सीलंट पापुद्र्याला घट्ट धरून ठेवतं. पापुद्रा लोखंडाला सोडतो, त्याला सीलंट काय करणार?

खांबाच्या तळाशी पाणी निघायला ठेवलेलं भोक दिसलं तर तेही बुजवा. पुढच्या पावसाळ्यात ठेकेदार ते पुन्हा पाडून देईल, वेगळ्या बिलात.