आधी बॉलला पाय लागला, मग फाऊल कसला?

"अरे, बॉल घेतला ना त्याने! आधी बॉलला पाय लागलाय, मग फाऊल कसला?"

फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी ओरडून म्हटलेलं असतं. कॉमेंट्री करणारे माजी खेळाडूही म्हणतात, आणि त्यांनी म्हटलं की आपल्याला तो कायदाच वाटायला लागतो. पण आजच्या नियमपुस्तकात असं काहीही लिहिलेलं नाही. फाऊलचा नियम बारावा. त्यात रेफरीने बघायचं ते एवढंच: टॅकल निष्काळजीपणे झाला, समोरच्याला लागेल याची फिकीर न करता झाला, की गरजेपेक्षा जास्त जोर लावून झाला? पहिल्याला नुसती फ्री किक, दुसऱ्याला वर पिवळं कार्ड, तिसऱ्याला लाल. बॉल आधी की पाय आधी, याचा उल्लेख नाही. एकेकाळी होता. बॉलच्या आधी खेळाडूला धक्का लागला तर फाऊल, असं एक कलम नव्वदच्या दशकातल्या नियमांत होतं, पुढे ते काढून टाकलं. पुस्तकातून गेलं, आपल्या डोक्यातून काही गेलं नाही. तेव्हा बॉल व्यवस्थित काढून घेतला आणि त्याच झोकात बुटाचे स्टड समोरच्याच्या नडगीवर रोवले, तर तो फाऊलच. जोर जास्त असेल तर सरळ बाहेर.

'लास्ट मॅन'चंही तेच. शेवटचा बचावपटू होता म्हणून लाल कार्ड, असा नियम नाही. गोल किती लांब होता, खेळ कुठल्या दिशेने चालला होता, बॉल ताब्यात राहण्याची शक्यता किती होती, बाकीचे बचावपटू किती आणि कुठे होते, हे सगळं मिळून रेफरीने ठरवायचं असतं. आणि 2016 पासून पेनल्टी बॉक्समध्ये बॉलसाठी खरोखर प्रयत्न करताना फाऊल झाला असेल, तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड एवढ्यावर भागतं. 'लास्ट मॅन होता, तरी पिवळंच?' म्हणून दर आठवड्याला जो गदारोळ होतो, त्यातला अर्धा इथेच संपायला हवा. संपत नाही, ते सोडा.

मुद्दा असा की रेफरीच्या निर्णयांवर आपण जे भांडतो, त्यात दोन अगदी वेगळी भांडणं एकमेकांत मिसळलेली असतात. काही गोष्टी मोजता येतात. बॉल रेषेपार गेला का? खेळाडू ऑफसाईड होता का? याचं उत्तर हो किंवा नाही, मधलं काही नाही. काही गोष्टी मात्र ठरवाव्या लागतात. धक्का जोरात होता का, हात नैसर्गिक जागी होता का, तो पडला की त्याला पाडलं? इथे दहा अनुभवी रेफरी बसवले तर सहा एकीकडे आणि चार दुसरीकडे जातील, आणि चौघांनाही मूर्ख म्हणता येणार नाही. माझी तक्रार आहे ती ही, की मोजायच्या गोष्टींसाठी आणलेला कॅमेरा आपण ठरवायच्या गोष्टींना लावला आणि मग वाद मिटत नाहीत म्हणून गळा काढतोय.

मोजायच्या गोष्टींत यंत्राने कमाल केली आहे, ते मान्यच करायला हवं. 2010 च्या वर्ल्डकपमध्ये ब्लूमफाँटेनला इंग्लंड जर्मनीविरुद्ध 2-1 ने मागे असताना लॅम्पार्डचा फटका क्रॉसबारला लागून चांगला आत पडला. टीव्हीवर जगाने पाहिलं, रेफरी लॅरिओंडा आणि त्यांच्या लाइन्समनने नाही. इंग्लंड 4-1 ने हरलं. दोन वर्षांत गोललाइन तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली, 2014 च्या वर्ल्डकपमध्ये ते आलं, आणि या विषयावरची भांडणं जवळपास बंद झाली. 1966 च्या फायनलमधल्या इंग्लंडच्या हर्स्टच्या गोलवर लोक अजून वाद घालतात, कारण तेव्हा मोजायची सोयच नव्हती.

2022 मध्ये जपानच्या मितोमाने स्पेनविरुद्ध बॉल रेषेवरून परत ओढला आणि तानाकाने गोल केला. साध्या डोळ्यांना बॉल बाहेरच गेलेला वाटत होता. पण नियम सांगतो की बॉल पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे जायला हवा, आणि वरून पाहिलं तर त्याची एक कड रेषेवर होती. गोल दिला, जपान जिंकला. पटो न पटो, उत्तर मिळालं.

आता याच्या शेजारी 11 जून 2024 ठेवा. दोहामध्ये भारत विरुद्ध कतार, वर्ल्डकप पात्रता फेरी. छांगटेच्या गोलमुळे आपण पुढे होतो. 73 व्या मिनिटाला बॉल एंडलाइनच्या पूर्ण बाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो आत ओढला, यूसुफ आयमेनने जाळ्यात मारला आणि रेफरीने गोल दिला. आपले खेळाडू विनवण्या करत राहिले. सामन्यात व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला चूक दाखवणारी यंत्रणा, नव्हतं. मग 85 व्या मिनिटाला दुसरा गोल बसला आणि भारत स्पर्धेबाहेर. यात मताचा प्रश्न कणभरही नव्हता. एक कॅमेरा, पाच सेकंद, विषय संपला असता. ज्या कामासाठी यंत्र सगळ्यात जास्त हवं होतं, तिथे ते नव्हतं.

आणि जिथे ते आहे, तिथे काय चाललंय? 2018 ची फायनल घ्या, फ्रान्स-क्रोएशिया. फ्रान्सचा पहिला गोल एका फ्री किकवर आला. ती फ्री किक ग्रीझमनने ब्रोझोविचकडून मिळवली, आणि 'मिळवली' हे मी सभ्यपणे म्हणतोय. मला तरी तिथे फाऊल दिसत नाही. फ्री किक आत आली, मांजुकिचच्या डोक्याला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेली. व्हीएआरला त्या फ्री किकबद्दल काही बोलताच येत नव्हतं, कारण तेव्हा व्हीएआर फक्त चार बाबतींत दखल घेऊ शकत होतं: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड. बॉक्सबाहेरचा साधा फाऊल त्यात येत नाही. थोड्या वेळाने कॉर्नरवर बॉल क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागला. रेफरी पिटाना स्क्रीनवर गेले, पाहिलं, निघाले, परत वळून पाहिलं, आणि पेनल्टी दिली. आता सांगा, व्हीएआरने फक्त 'ढळढळीत, उघड' चूकच सुधारायची असते ना? दोनदा पाहावी लागते ती चूक ढळढळीत कशी? पेनल्टी देणं चूक होतं असं मी म्हणत नाही, देता येण्यासारखीच होती. पण न देणंही तितकंच बरोबर ठरलं असतं, आणि अशा प्रसंगी मैदानावरचा पहिला निर्णय राहू द्यायचा, हाच तर मूळ करार होता.

स्लो मोशनने यात फार घाण केली आहे. संथ गतीत प्रत्येक टॅकल क्रूर दिसतो आणि प्रत्येक हात मुद्दाम पुढे केल्यासारखा दिसतो. गंमत म्हणजे व्हीएआरच्या नियमावलीला हे ठाऊक आहे. तिच्यात लिहिलंय की संथ रिप्ले फक्त स्पर्श कुठे झाला यासारख्या गोष्टींसाठी वापरायचा, आणि टॅकलचा जोर किती होता किंवा हँडबॉल द्यायचा की नाही हे खऱ्या वेगातच बघून ठरवायचं. पण स्टुडिओतली मंडळी पायाच्या घोट्यावर बूट टेकलेला एक गोठलेला फोटो अर्धा तास दाखवतात, आपण तोच स्क्रीनशॉट घेऊन सोशल मीडियावर पोस्ट करतो, आणि रेफरी दरोडेखोर ठरतो. फोटोत वेग नसतो हो. फोटोवरून जोर कसा कळणार?

याचा अर्थ कॅमेरा फेकून द्या असा नाही. 1982 च्या सेमीफायनलमध्ये जर्मन गोलकीपर शूमाखर धावत येऊन फ्रान्सच्या बॅटिस्टनवर आदळला, बॅटिस्टन बेशुद्ध पडला, दात गेले, आणि रेफरीने दिली गोल किक. साधा फाऊलसुद्धा नाही. 2010 च्या फायनलमध्ये डी योंगने झाबी अलोन्सोच्या छातीत लाथ घातली आणि हॉवर्ड वेब यांनी पिवळं कार्ड दिलं. नीट दिसलं नव्हतं, ते लाल कार्डच होतं, हे त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. असल्या चुका पकडायला व्हिडिओ हवाच. असल्या चुकांना दुसऱ्यांदा बघायला लागत नाही.

सगळ्यात मोठा चिखल हँडबॉलचा. मॅराडोनाचा 1986 चा हात किंवा 2009 मध्ये आयर्लंडविरुद्ध फ्रान्सच्या ऑन्रीने हाताने अडवलेला बॉल, हे सोपे प्रसंग. मुद्दाम केलं, रेफरीला दिसलं नाही, बास. अवघड असतात ते नकळत लागलेले हात. 2019 मध्ये नियम कडक केला: गोल होण्याआधी आक्रमण करणाऱ्या संघातल्या कुणाच्या हाताला चुकून जरी बॉल लागला तरी गोल रद्द. त्याने इतके विचित्र निकाल आले की 2021 मध्ये सैल करावा लागला, आता गोल करणाऱ्याच्याच हाताला लागला तरच. बचावपटूंसाठी कसोटी अशी की हाताने शरीर 'अनैसर्गिकरीत्या मोठं' केलं का. उडी मारताना हात वर जातातच, धावताना ते हलतातच. पाठीमागे हात बांधून बचाव करणारे खेळाडू बघितले की मला हसावं की रडावं कळत नाही.

युरो 2024 मध्ये जर्मनीच्या वाट्याला या नियमाच्या दोन्ही बाजू सहा दिवसांत आल्या. 29 जूनला डेन्मार्कचा गोल पायाच्या बोटाएवढ्या फरकाने ऑफसाईड ठरला, आणि लगेच दुसऱ्या टोकाला अँडरसनच्या हाताला बॉल ओझरता लागल्याचं बॉलमधल्या चिपने दाखवलं. पेनल्टी, हावर्ट्झचा गोल, जर्मनी पुढच्या फेरीत. 5 जुलैला मुसियालाचा गोलकडे निघालेला फटका स्पेनच्या कुकुरेयाच्या हातावर आदळला आणि पेनल्टी मिळाली नाही. स्पेनने जादा वेळेत सामना काढला. ती पेनल्टी द्यायला हवी होती असं युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, रेफरी समितीचं मत झाल्याच्या बातम्या नंतर आल्या. बघा, चिपने अँडरसनबद्दल अचूक सांगितलं की स्पर्श झाला. पण स्पर्श झाला का, हा प्रश्नच नव्हता. तो हात तिथे असणं गुन्हा आहे का, हा प्रश्न होता, आणि त्याला कुठलीच चिप उत्तर देत नाही.

कधीकधी तर रेफरी शंभर टक्के बरोबर असतो आणि तरी आपल्याला अन्याय वाटतो. 2010 ची घाना-उरुग्वे क्वार्टरफायनल आठवा. जादा वेळेचं शेवटचं मिनिट, आत जाणारा बॉल सुआरेझने गोललाइनवर हाताने अडवला. लाल कार्ड, पेनल्टी, सगळं नियमाप्रमाणे. ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागली आणि घाना शूटआऊटमध्ये हरलं. इथे दोष नियमाचा आहे. रग्बीत असं केलं तर पेनल्टी ट्राय देतात, गुण थेट मिळतात. फुटबॉलनेही अशा वेळी सरळ गोल द्यावा असं माझं ठाम मत आहे. पण या खेळाचे नियम बदलतो तो आयफॅब. 1886 पासूनची संस्था, फिफाची चार मतं, ब्रिटनच्या चार संघटनांचं एकेक, आणि बदलाला आठपैकी सहा मतं लागतात. घाई त्यांना कधीच नसते.

आणि यंत्रामागे शेवटी माणसंच बसलेली असतात. सप्टेंबर 2023, टॉटनहॅम-लिव्हरपूल. लुईस डियाझचा गोल मैदानावर ऑफसाईड दिला गेला. व्हीएआर खोलीत रेषा बरोबर आखल्या गेल्या, डियाझ ऑनसाईड दिसला, पण बसलेल्याला वाटलं की मैदानावर गोलच दिलेला आहे. 'तपासणी पूर्ण' म्हणून त्याने हिरवा कंदील दिला आणि खेळ सुरू झाला. एकदा खेळ सुरू झाला की मागे जाता येत नाही. मोजमाप अचूक, निकाल चुकीचा. या प्रकरणातून एक चांगली गोष्ट झाली, ती म्हणजे त्या खोलीतलं संभाषण लोकांना ऐकवलं गेलं. ते ऐकल्यावर 'विकले गेलेत सगळे' म्हणणाऱ्यांचीही बोलती थोडी बंद झाली, कारण आवाजात कट नव्हता, नुसता गोंधळ होता. हे संभाषण प्रत्येक सामन्यात, त्याच क्षणी ऐकवायला काय हरकत आहे? रग्बीत ऐकवतात. 2023 पासून फिफाच्या स्पर्धांत रेफरी निदान निर्णय माइकवर जाहीर करायला लागले, पण कारण कसं ठरलं ते अजून झाकलेलंच.

कारण कळलं नाही की काय होतं, ते आपल्याकडेही दिसलं. मार्च 2023, आयएसएल या भारतीय लीगचा बाद फेरीचा सामना, बंगळुरूच्या छेत्रीने केरला ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारून गोल केला. रेफरीने गोल दिला, ब्लास्टर्सचे प्रशिक्षक संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. पुढे क्लबला 4 कोटींचा दंड, प्रशिक्षकांवर 10 सामन्यांची बंदी. झटपट फ्री किक नियमात बसते, रेफरीने शिट्टीची वाट बघायला सांगितलं नसेल तर. सांगितलं होतं की नाही, एवढ्यावर सगळं अडलं होतं, आणि तेच प्रेक्षकांना ऐकू आलं नाही. मैदान सोडणं मला तरीही अजिबात पटलेलं नाही.

छोट्या स्पर्धांना पूर्ण व्हीएआर परवडत नाही, हे खरंच. पण फिफाने 2024 च्या वीस वर्षांखालील महिला वर्ल्डकपमध्ये एक साधी पद्धत वापरून पाहिली. वेगळी व्हीएआर खोली नाही, थोडे कॅमेरे, आणि प्रत्येक प्रशिक्षकाला दोन विनंत्या. विनंती केली की रेफरी स्वतः स्क्रीनवर जाऊन बघतो. निर्णय बदलला तर विनंती शाबूत, नाहीतर गेली. दोहात ही सोय असती तर आपल्या डगआऊटमधून हात वर झाला असता आणि तो गोल रद्द झाला असता. आपल्या लीगमध्ये हे आणा, मी तर म्हणतो मोठ्या लीगमध्येही आणा. स्लो मोशनचं दुखणं तिथेही राहीलच. पण कुठला प्रसंग परत बघायचा हे प्रशिक्षक ठरवेल, आणि फालतू कारणावर विनंती उडवली तर निदान त्या दिवशी शिव्या त्याला बसतील.